कुमारिन-युजेनॉल संकरित रेणू: जोडला जातो, पण चाचणीत आकडे स्थिर येत नाहीत

मोलमापे:

वनस्पतींतली दोन संयुगं एकाच रेणूत जोडून अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेझचा (चेतासंदेशवाहक अ‍ॅसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम) रोधक बनवायचा आहे. एक अर्धा अंबेलिफेरोन, म्हणजे ७-हायड्रॉक्सीकुमारिन. दुसरा लवंगेतला युजेनॉल. मध्ये तीन कार्बनची साखळी आणि १,२,३-ट्रायाझोल. मार्ग नेहमीचाच: युजेनॉलचा प्रोपार्गिल ईथर, अंबेलिफेरोनवर १,३-डायब्रोमोप्रोपेन, ब्रोमाइडचं अझाइड आणि शेवटी तांब्यावरची क्लिक अभिक्रिया (अझाइड आणि अल्काइन जुळून ट्रायाझोल). अंतिम रेणूभार ४४७.४९, डॉकिंगचा (रेणू एन्झाइममध्ये कसा बसेल याचं संगणकी गणित) स्कोअर −१०.२.

अडचणी अशा. प्रोपार्गिल ईथर व्यवस्थित मिळतो, पण ब्रोमाइडच्या पायरीत दोन कुमारिन एकाच साखळीला लागलेला डायमर फार होतो. क्लिकनंतरचा पदार्थ हिरवट दिसतो आणि एनएमआरची शिखरं पसरट येतात. डायमिथाइल सल्फॉक्साइडमधलं द्रावण बफरमध्ये घातलं की गढूळ होतं. आयसी-५० (निम्मं रोधन देणारी तीव्रता) एकदा ४ मायक्रोमोलर, एकदा ३०. सुरुवात कुठून करावी? आणि रचनेतच काही चुकतंय का?

गाळणकागद:

रचनेबद्दल इथले जाणकार बोलतीलच. मी फ्लास्कपुरतं सांगतो.

डायमर होतो तो प्रमाणामुळे. एक टोक जोडलं गेलं तरी दुसऱ्या टोकाचा ब्रोमीन तितकाच उतावीळ असतो, त्यामुळे डायब्रोमाइड जेमतेम घेतलं तर डायमर ठरलेला. चौपट घ्या. १० मिलिमोल अंबेलिफेरोनला (१.६२ ग्रॅम) डायब्रोमोप्रोपेन ४० मिलिमोल, म्हणजे ८.०८ ग्रॅम, मोजायचं तर ४.१ मिली. कोरडं अ‍ॅसिटोन ३० मिली, पोटॅशियम कार्बोनेट २.०७ ग्रॅम. कार्बोनेट खलात बारीक करून गरम ओव्हनमध्ये वाळवलेलं हवं. खडे तसेच टाकले तर रिअ‍ॅक्शन दिवसभर रेंगाळते. आधी डायब्रोमाइड आणि कार्बोनेट उकळीला आणा, मग अंबेलिफेरोन चार-पाच हप्त्यांत घाला. उलटं केलंत, म्हणजे सगळा फिनॉल आधी आणि डायब्रोमाइड थेंबथेंब, तर डायमरला आमंत्रणच.

रिअ‍ॅक्शन संपली की नाही हे बघायची एक सोपी युक्ती. टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) प्लेट वाळवून अमोनियाच्या बाटलीच्या तोंडावर पाचेक सेकंद धरा आणि ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली बघा. मोकळा फिनॉल असलेला ठिपका फिनॉलेट होऊन झगझगीत निळा पेटतो. अल्किल लागलेला ठिपका जसा होता तसाच मंद राहतो. दोन्हींचे आरएफ (ठिपका प्लेटवर किती वर चढला ते प्रमाण) जवळजवळ आले तरी यात गफलत होत नाही.

उरलेलं अंबेलिफेरोन काढायला सोडियम हायड्रॉक्साइडने धुऊ नका, कुमारिनचं लॅक्टोन वलय उघडतं. थंड, पातळ सोडियम कार्बोनेटने एकदा झटपट धुतलं की पुरतं. युजेनॉलच्या ईथरला मात्र १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड खुशाल चालतं. तिथे दुसराच धोका आहे: घाईपायी पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून तापवलंत तर युजेनॉलची अलिल साखळी सरकून आयसोयुजेनॉल होतो. कार्बोनेट आणि अ‍ॅसिटोनवर समाधान माना.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जास्तीचं डायब्रोमाइड पूर्ण गेल्याशिवाय सोडियम अझाइडला हात लावू नका. राहिलेल्या डायब्रोमाइडचं १,३-डायअझिडोप्रोपेन बनतं. कार्बन आणि ऑक्सिजनची बेरीज भागिले नायट्रोजन, हे गुणोत्तर ३ च्या वर असेल तर अझाइड हाताळण्याजोगं, असा ढोबळ नियम आहे. तुमच्या कुमारिन अझाइडचं गुणोत्तर (१२+३)/३, म्हणजे ५. डायअझिडोप्रोपेनचं ३/६, म्हणजे ०.५. तो स्फोटक माल आहे. म्हणून कार्बोनेट गरम असतानाच गाळा, अ‍ॅसिटोन उडवा, आणि उरलेला घट्ट भाग हेक्झेनच्या २० मिलीच्या तीन वाट्यांनी ढवळून दरवेळी हेक्झेन ओतून टाका. डायब्रोमाइड हेक्झेनमध्ये जातं, तुमचा घन पदार्थ खाली राहतो. खात्री एनएमआरवरच करा. नाकावर विसंबू नका.

अझाइडसाठी: ब्रोमाइड १.४२ ग्रॅम (५ मिलिमोल), सोडियम अझाइड ०.४९ ग्रॅम, डीएमएफ १० मिली, ५०-६० अंश, चार ते सहा तास. प्लास्टिकचा चमचा वापरा. ६० मिली पाण्यात ओतून एथिल अ‍ॅसिटेटने काढा. डायक्लोरोमिथेन अजिबात नको, त्याचंही डायअझाइड होतं. आम्ल कुठेच लागू द्यायचं नाही, धुण्याच्या पाण्यातसुद्धा नाही; हायड्रॅझोइक आम्ल विषारीही आहे आणि स्फोटकही. रोटाव्हॅपचं पाणी ४० अंशांच्या आत. टीएलसीवर ब्रोमाइड आणि अझाइड बहुधा एकत्रच धावतात, तेव्हा आयआरमध्ये २१०० च्या आसपासचा पट्टा बघा. एनएमआरमध्ये मधल्या सीएच२ चं शिखर २.३५ च्या आसपासून २.१ कडे सरकतं. दोन्ही ठिकाणी शिखर असेल तर रिअ‍ॅक्शन अर्धवट आहे.

क्लिकला अझाइड २४५ मिग्रॅ (१ मिलिमोल), अल्काइन २१२ मिग्रॅ, टर्ट-ब्युटेनॉल आणि पाणी समान भाग मिळून ८ मिली. विरघळत नसेल तर थोडं टीएचएफ. कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट १२.५ मिग्रॅ आणि सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट ४० मिग्रॅ. अ‍ॅस्कॉर्बेटचं द्रावण त्याच वेळी करा आणि तांब्याच्या आधी घाला. निळा रंग काही मिनिटांत पिवळसर झाला पाहिजे. निळाच राहिला तर अ‍ॅस्कॉर्बेट शिळं आहे किंवा हवा आत येतेय. वाट बघत बसू नका, ताजं अ‍ॅस्कॉर्बेट घाला.

हिरवट रंग आणि पसरट शिखरं यांचं कारण एकच: उरलेलं द्विसंयुजी तांबं. ते अनुचुंबकीय असल्याने शिखरं रुंदावतात, आणि ट्रायाझोल तांब्याला धरून ठेवतो म्हणून नुसत्या पाण्याने ते जात नाही. ५ टक्के डायसोडियम ईडीटीएचं द्रावण पीएच ८ ला आणून त्याने धुवा, पाण्याचा थर बिनरंगी येईपर्यंत. मग सिलिकाचा छोटा कॉलम. त्यानंतर ट्रायाझोलच्या हायड्रोजनचं एकेरी शिखर ७.६ च्या आसपास, शेजारच्या ओसीएच२ चं ५.२-५.३ ला स्वच्छ दिसेल आणि अल्काइनचं २.५ जवळचं त्रिशिखर गेलेलं असेल. अचूक वस्तुमानात प्रोटॉनसह ४४८.१८६७ यायला हवं.

घळईतला ट्रिप्टोफॅन:

गाळणकागद यांनी माल शुद्ध करून दिला, पण हा माल बनवावाच का, हा प्रश्न उरतोच. माझं मत सरळ आहे: या जोडीला कारण नाही. दोन्ही वनस्पतिजन्य आहेत, हे कारण नव्हे.

हे एन्झाइम म्हणजे साधारण २० अँगस्ट्रॉम खोल, अरुंद घळई. टॉर्पेडो माशाच्या एन्झाइमची स्फटिकरचना १९९१ साली आली तेव्हापासून ही घळई सगळ्यांना माहीत आहे. मानवी एन्झाइममध्ये तळाशी ट्रिप्टोफॅन-८६, तोंडाशी ट्रिप्टोफॅन-२८६. कुमारिन सपाट आणि अरोमॅटिक, ते तोंडाशी बसतं. तेवढं तुमचं बरोबर आहे. तळाशी अ‍ॅसिटिलकोलिनचा धनभारित नायट्रोजन ट्रिप्टोफॅन-८६ च्या वलयावर टेकतो. तिथे तुम्ही काय पाठवताय? युजेनॉलचा ईथर. त्यात आम्लारिधर्मी नायट्रोजन नाही, भार नाही. ट्रायाझोलच्या नायट्रोजनला शरीराच्या पीएचला प्रोटॉन लागत नाही, त्यामुळे तो इथे कामाचा नाही. या क्षेत्रात आधीच औषध झालेली वनस्पतिजन्य उदाहरणं बघा: गॅलँटामाइन हे आम्लारिधर्मी अल्कलॉइड आहे, आणि रिव्हास्टिग्माइन ज्याच्यावरून बेतलं ते फायसोस्टिग्माइनही अल्कलॉइडच.

−१०.२ वर जाऊ नका. डॉकिंगचा स्कोअर रेणू मोठा झाला की आपोआप वाढतो. जड अणूंनी (हायड्रोजन सोडून बाकीचे) भागून बघा. तुमच्या रेणूत ३३ जड अणू आहेत. आयसी-५० पाच मायक्रोमोलर धरलं तर पीआयसी-५० (त्याचा ऋण लॉगरिदम) म्हणजे ५.३, १.३७ ने गुणून (किलोकॅलरीत आणायला) ३३ ने भागा, ०.२२ येतं. साधारण ०.३ च्या पुढे असावं अशी अपेक्षा असते. अंबेलिफेरोनमध्ये १२ च जड अणू. त्याचं आयसी-५० समजा १०० मायक्रोमोलर इतकं फिकं असलं तरी तिथे ०.४६ येतं. म्हणजे अशा स्थितीत २१ अणू वाढवून प्रत्येक अणूचं काम निम्म्यावर आलं. डॉकिंग करायचंच तर डोनेपेझिलसह (याच एन्झाइमचं रोधक औषध) असलेली मानवी रचना, पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहातली ४ईवाय७, घ्या. आधी डोनेपेझिल काढून परत बसवा, आणि मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसलं तरच पुढचं बोला. घळईतले पाण्याचे रेणू सरसकट उडवलेत तर निकाल बदलतात.

ट्रायाझोलबद्दल एक मजेची गोष्ट. २००२ मध्ये शार्पलेस यांच्या गटाने तांबं न वापरता याच एन्झाइमला साचा करून अझाइड आणि अल्काइन जुळवून घेतले होते. एन्झाइमने निवडला तो १,५-ट्रायाझोल. तांब्यावर तुम्हाला मिळतो फक्त १,४. या घळईत दुवा कुठे वाकतो याला इतकं महत्त्व आहे. १,५ हवाच असेल तर रुथेनियमचं उत्प्रेरक लागेल.

शून्यवाचन:

वरच्या रचनेच्या मुद्द्याशी सहमत. पण ४ आणि ३० हा फरक रचनेतून येत नाही, तो चाचणीत शिरलेला आहे.

पहिला संशयित तांबंच. एलमन पद्धतीत एन्झाइमने सोडवलेल्या थायोकोलिनचा थायॉल आपण डीटीएनबीच्या पिवळ्या रंगावरून मोजतो. तांब्याचे आयन थायॉलचं ऑक्सिडीकरण घडवतात. पिवळा रंग कमी दिसतो आणि आपण म्हणतो, रोधन झालं. ५ मोल टक्के तांबं सगळं मालात राहिलं असेल तर १०० मायक्रोमोलर संयुगासोबत ५ मायक्रोमोलर तांबं वेलमध्ये (चाचणी-प्लेटच्या खळग्यात) जातं, आणि प्रत्येक बॅचमध्ये किती राहील याचा नेम नाही. तपासणी सोपी आहे: एन्झाइम न घालता ५० मायक्रोमोलर सिस्टाइन, तुमचं संयुग आणि बफर १५ मिनिटं ठेवा, मग डीटीएनबी घाला. १ सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये ४१२ नॅनोमीटरला शोषण ०.७ च्या आसपास यायला हवं (मोलर गुणांक १४,१५० धरून). संयुगामुळे ते घसरलं तर तुमचं रोधन खोटं आहे. कर्क्युमिन किंवा चाल्कोन जोडलेले संकर करणाऱ्यांनी ही तपासणी चुकवूच नये. चाल्कोन थायॉलला थेट धरतात, तिथे तांब्याचीही गरज नाही. कर्क्युमिन तर ३७ अंशांच्या साध्या फॉस्फेट बफरमध्ये अर्ध्या तासात बहुतांश मोडून जातं. मग मोजतो कशाला, हाच प्रश्न.

दुसरा संशयित गढूळपणा. साखळी-विरलन (एकातून पुढचं पातळ करत जाणं) बफरमध्ये करत असाल तर थांबा. सगळी विरलनं डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये करा आणि २०० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये प्रत्येकातून २ मायक्रोलिटरच घाला. प्रत्येक वेलमध्ये, कंट्रोलमध्येही, हा द्रावक अगदी सारखा १ टक्का राहिला पाहिजे, कारण तो स्वतःच या एन्झाइमला दाबतो. ६२० नॅनोमीटरला शोषण वाढत असेल तर कण तयार होतायत. त्या तीव्रतेपुढचे आकडे फेकून द्या. मग ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० घालून चाचणी परत करा. रोधन नाहीसं झालं तर ते रेणूचं नव्हतं, रेणूंच्या गुठळीचं होतं. आलेखाचा हिल उतार (रोधनाचा वक्र किती उभा चढतो ते) २ च्या वर असेल तर शंका आधीच घ्यावी.

बाकी मांडणी: ०.१ मोलर फॉस्फेट, पीएच ८.०, डीटीएनबी ०.३ मिलिमोलर, अ‍ॅसिटिलथायोकोलिन आयोडाइड ०.५ मिलिमोलर. सब्स्ट्रेट उगाच वाढवू नका, हे एन्झाइम जास्त सब्स्ट्रेटने स्वतःच मंदावतं. एन्झाइम इतकंच घाला की पाच मिनिटं रेघ सरळ राहील. आधी १५ मिनिटं संयुगासोबत ठेवणं दरवेळी सारखं हवं. एकदा ५ आणि एकदा ३० मिनिटं ठेवलंत तर आकडे हलणारच.

आणि कंट्रोलमध्ये फक्त गॅलँटामाइन नको. अंबेलिफेरोन एकटं, युजेनॉल एकटं, आणि दोघांचं सममोलर मिश्रण. संकर मिश्रणापेक्षा ठळकपणे सरस नसेल तर दुवा जोडण्याचा खटाटोप कशासाठी? हा कंट्रोल इतक्या जणांनी गाळलेला दिसतो की आता त्याचं नवलही वाटत नाही. ब्युटिरिलकोलिनएस्टरेझवरही (याचंच भावंड एन्झाइम) चालवा, आणि ईल माशाच्या एन्झाइमवर मिळालेला आकडा मानवी एन्झाइमचा म्हणून लिहू नका.

मोलमापे:

सगळ्यांचे आभार. तांब्याची तपासणी आधी करतो. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. युजेनॉल सोडून फेरुलिक आम्ल घेतलं आणि अंबेलिफेरोनच्या फिनॉलवर सरळ एस्टर केला तर? एकच पायरी, दुवा लहान. आणि कुमारिन म्हटलं की रक्त पातळ होण्याची भीती घालतात, ती कितपत खरी?

शून्यवाचन:

भीतीचं आधी. वॉरफरिनसारखी ती क्रिया ४-हायड्रॉक्सीकुमारिनांची. तुमच्याकडे ४ वर काही नाही. ती अडचण इथे नाही.

एस्टर नको. फिनॉलचा एस्टर म्हणजे निघून जाणारा गट तयारच ठेवलेला. प्लाझ्मात तो टिकायचा नाही आणि शेवटी मिळेल ते फेरुलिक आम्ल अधिक अंबेलिफेरोन, म्हणजे मिश्रण. शिवाय एक फसवी जागा आहे. उंदराच्या प्लाझ्मात कार्बॉक्सिलएस्टरेझ भरपूर असतं, माणसाच्या प्लाझ्मात ते नसतं, तिथे दुसरी एन्झाइमं काम करतात. त्यामुळे उंदरातला टिकाऊपणा माणसाला लावता येत नाही, आणि उलटही नाही. दोन भाग आत जाऊन सुटे व्हावेत अशीच योजना असेल तर एस्टर ठीक. तुम्हाला एकाच वेळी घळईची दोन टोकं धरायची आहेत.

ईथरही अमर नाही, हे जाता जाता. ७-एथॉक्सीकुमारिनचा एथिल गट यकृतातली सायटोक्रोम एन्झाइमं काढतात आणि ती चाचणी म्हणूनच वापरली जाते. तुमची साखळी त्याच ऑक्सिजनवर आहे. म्हणून टिकाऊपणा असा तपासा: यकृताच्या मायक्रोसोममध्ये (ही एन्झाइमं असलेला पेशीभाग) १ मायक्रोमोलर संयुग, प्रथिन ०.५ मिग्रॅ प्रति मिली, एनएडीपीएच (या एन्झाइमांना लागणारा सहघटक) १ मिलिमोलर, ३७ अंश. ०, ५, १५, ३०, ६० मिनिटांना नमुना काढून थंड अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये थांबवा. अंबेलिफेरोन सुटत असेल तर वर सांगितलेली तीच निळी चमक फ्लोरिमीटरवर दिसेल. एनएडीपीएच न घातलेली एक नळी सोबत ठेवा.

घळईतला ट्रिप्टोफॅन:

मग तळाला नायट्रोजन द्या आणि तरीही वनस्पतिजन्य सांगाडा ठेवा. व्हॅनिलिनचा फिनॉल मिथिल करून व्हेराट्राल्डिहाइड, त्याचं मिथिलअमाइन, आणि ते तुमच्याकडे असलेल्याच ब्रोमाइडवर. क्लिक नाही, तांबं नाही, अझाइडची जोखीम नाही. रेणूभार ३८३.४४, जड अणू २८. कुमारिनला साखळीने बेंझिलअमाइन जोडलेली रचना या एन्झाइमवर आधीच आजमावलेली आहे, तेव्हा नावीन्याचा दावा जपून करा. साखळी ३ कार्बनवर अडवून ठेवू नका. ३ ते ७ अशी मालिका करा, कारण किती लांबी लागते ते कागदावर ठरत नाही. मोकळा फिनॉल ठेवण्याचा मोह होईल, अँटिऑक्सिडंट वगैरे म्हणून, पण मग ब्रोमाइड अमाइनवर जाईल की फिनॉलवर, ही कटकट मागे लागते.

गाळणकागद:

याची मापं देतो. व्हेराट्राल्डिहाइड १.६६ ग्रॅम (१० मिलिमोल), ४० टक्के जलीय मिथिलअमाइन १.७ मिली, मिथेनॉल २० मिली, खोलीच्या तापमानाला दोन तास. मग बर्फात ठेवून सोडियम बोरोहायड्राइड ०.३८ ग्रॅम चिमटी-चिमटीने. दोन तासांची घाई केलीत तर इमिन बनण्याआधीच अल्डिहाइडचं क्षपण होऊन व्हेराट्रिल अल्कोहोल हाती येतो. सुटका आम्ल-आम्लारीने: मिथेनॉल उडवून पीएच २ करा, ईथरने धुऊन अल्कोहोल काढून टाका, मग पीएच ११ करून अमाइन काढा.

जोडणीला ब्रोमाइड ०.५७ ग्रॅम (२ मिलिमोल), अमाइन ०.४० ग्रॅम, पोटॅशियम कार्बोनेट ०.५५ ग्रॅम, अ‍ॅसिटोनायट्राइल १५ मिली, ६०-६५ अंशांवर आठ-दहा तास. अमाइन जास्त घालून तापमान चढवू नका, ते लॅक्टोनच्या मागे लागतं. प्लेटवर ठिपका शेपूट काढेल; चालवणाऱ्या द्रावकात १ टक्का ट्रायएथिलअमाइन घातलं की गोल येतो. प्रोटॉनसह वस्तुमान ३८४.१८०५. शेवटी ईथरमधल्या हायड्रोजन क्लोराइडने क्षार करा, बफरमधला गढूळपणा बराच कमी होईल. मात्र स्टॉक करताना रेणूभार क्षाराचा घ्या, ४१९.९०. १ मिलीत १० मिलिमोलरला ४.२० मिग्रॅ लागतं, ३.८३ नव्हे. आणि हा क्षार हवेतलं पाणी ओढत असेल तर वजन करण्याआधी व्हॅक्यूममध्ये वाळवून घ्या.